पावाचं यीस्ट आणि बॅटनचा आजार

पीएचडीला लागले तेव्हा घरी सांगितलं होतं, लहान मुलांच्या आनुवंशिक आजारावर काम करतेय. आई एकदा लॅबमध्ये आली. शेकरवरचे फ्लास्क बघून म्हणाली, "अगं, इथे तर बेकरीचा वास येतोय!" खोटं नव्हतं. आम्ही वाढवत होतो ते पावातलंच यीस्ट.

पेशीतला कचरा लायसोसोम पचवतो. तिथलं एखादं प्रथिन बिघडलं, की न पचलेला माल साठत जातो. यीस्टमध्ये हे काम व्हॅक्युओल करतो, आणि तो साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतो. बॅटनच्या आजारात (यात लहान मुलांची दृष्टी आणि मेंदू हळूहळू निकामी होतात) असंच काहीसं होतं; त्यात बिघडणारं सीएलएन३ जनुक १९९५मध्ये सापडलं. यीस्टमध्ये त्याचा भाऊबंद आहे, बीटीएन१. ते काढून टाकलं तरी यीस्ट मजेत जगतं. नवख्याला इथेच वाटतं, मग अभ्यासायचं काय?

माझंही तसंच झालं. रात्रभर वाढवलेलं कल्चर घ्यायचे, व्हॅक्युओलचा पीएच (आम्लता) मोजायचे. नॉकआउट (बीटीएन१ काढलेलं यीस्ट) आणि साधा स्ट्रेन (वाण), दोन्ही सारखेच! तीन महिने असे गेले. मग १९९९चा एक पेपर नीट वाचला (आधी नुसता चाळला होता). नॉकआउटचा व्हॅक्युओल जास्त आम्लधर्मी असतो तो वाढीच्या सुरुवातीला. पुढे फरक मिटतो, कारण पेशी इतर जनुकांची पातळी बदलून तोल सावरते. उत्तर पहाटे होतं आणि मी दुपारी शोधत होते. तेव्हापासून वहीत ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे वाढ किती झाली) आणि वेळ लिहिल्याशिवाय मी नळी उचलत नाही.

प्रथिनांची वाहतूक बघायची तर सीपीवाय या व्हॅक्युओलमध्ये जाणाऱ्या एन्झाइमपासून सुरुवात करा. हे एन्झाइम ईआरमध्ये (प्रवासाचं पहिलं ठाणं) ६७ किलोडाल्टन वजनाचं असतं, गॉल्जीत (पुढचं ठाणं) ६९ होतं आणि व्हॅक्युओलमध्ये पोचून कापलं गेलं की ६१. गाडी कुठे अडली ते वेस्टर्न ब्लॉटमधल्या (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून दाखवणारी चाचणी) बँडच सांगतात. त्याहून स्वस्त युक्ती म्हणजे प्लेटवरच्या वसाहतींवर नायट्रोसेल्युलोजचा कागद ठेवायचा. वाट चुकलेलं सीपीवाय पेशीबाहेर सांडतं, ते कागदाला चिकटतं आणि अँटिबॉडी लावल्यावर दिसतं. बीटीएन१ नसलेल्या पॉम्बे जातीच्या यीस्टमध्ये सीपीवायची हीच वाट चुकते, हे २००९मध्ये दाखवलं गेलंय.

पण यीस्टकडून भलती अपेक्षा नको. आपल्या पेशी लायसोसोमच्या बऱ्याच एन्झाइमांवर मॅनोज-६-फॉस्फेटचा पत्ता चिकटवतात. यीस्टमध्ये व्हीपीएस१० हा रिसेप्टर सीपीवायच्या साखळीतलाच तुकडा ओळखतो. त्यामुळे आय-सेल आजारासारखा, मुळात हा पत्ताच न चिकटण्याचा प्रश्न इथे मांडता येत नाही. नीमन-पिक सी या (लायसोसोममध्ये कोलेस्टेरॉल साठण्याच्या) आजारातल्या एनपीसी१ प्रथिनाचा भाऊबंद एनसीआर१ मात्र यीस्टमध्ये आहे. विषय ठरवायच्या आधीच मार्गदर्शकांना विचारा, "सर, आपलं प्रथिन यीस्टमध्ये आहे का, आणि त्याच वाटेने जातं का?"

आणि वसाहती गुलाबी दिसल्या तर त्यावर भाळू नका. स्ट्रेन एडीई२ म्युटंट (अॅडेनिन बनवायचं जनुक बिघडलेला) असेल, तर अॅडेनिन कमी पडलं की लाल रंगद्रव्य नेमकं व्हॅक्युओलमध्येच साठतं आणि चमकतं. एफएम४-६४ या लाल चमकणाऱ्या रंगाने रंगवलेला व्हॅक्युओलचा पडदा कुठला आणि हा गोंधळ कुठला, कळत नाही. माध्यमात जादा अॅडेनिन घाला. माझा एक आख्खा लॅब मीटिंगचा स्लाइड-शो यात वाया गेलाय.