नर्सिंग करायचंय आणि नावावर केस आहे? मग या चुका टाळा

बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडची कितीतरी लेकरं बारावी सायन्स झाली की जीएनएम नाहीतर बीएस्सी नर्सिंगच्या मागं लागतात, आणि त्यातल्या काहींच्या नावावर धुऱ्याच्या भांडणातली, मोर्चातली नाहीतर वहिनीनं घातलेली केस असते. मग घरात लगेच सुरू होतं, "आता कुठली सरकारी नोकरी, सोड ते." तसं काही नसतं. केस जेवढी अडवते त्यापेक्षा केस लपवणं जास्त अडवतं, आणि त्याहून जास्त अडवतं ते केस संपल्याचा कागद जवळ नसणं.

सगळ्यात आधीची चूक म्हणजे आपल्या केसचं नेमकं काय झालं हेच माहीत नसणं. "केस होती पण मिटली" म्हणतात, आणि मिटली म्हणजे काय ते विचारलं की गप्प. एनसी (अदखलपात्र नोंद) होती का एफआयआर, चार्जशीट कोर्टात गेलं का, का पोलिसांनीच समरी रिपोर्ट (तपास बंद करायचा अहवाल) पाठवला, का १०७ ची चॅप्टर केस होती ज्यात तहसीलदारापुढं शांतता राखायचा बाँड लिहून दिला (ते कलम आता नव्या कायद्यात १२६ झालंय), ह्या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि फॉर्मवर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. समरीतही फरक असतो, बी समरी म्हणजे तक्रार खोटी निघाली, सी समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली, पण ए समरी म्हणजे गुन्हा खरा आहे फक्त तपास लागला नाही. ई-कोर्ट्सचं ॲप मोबाईलवर घ्या, जिल्हा आणि वर्ष टाकून स्वतःच्या नावानं शोधा, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा कामून की आपल्याकडं एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं कागदोपत्री फिरत असतात. केस सापडली की तिचा अक्षरं आणि अंक मिळून सोळा खुणांचा सीएनआर नंबर लिहून ठेवा, वकील साहेबांकडं जाताना तोच लागतो.

दुसरी चूक मोठी आहे, साक्षांकन नमुन्यात (सरकारी नोकरीत निवड झाल्यावर भरायचा अटेस्टेशन फॉर्म) डोळे झाकून सगळीकडं "नाही" लिहिणं. ॲडमिशनच्या वेळी सगळं लक्ष मार्क, कास्ट, डोमिसाईल ह्यावर असतं, म्हणून लेकरांना वाटतं पुढंही कुणी विचारणार नाही, पण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात, अंबाजोगाईला, नांदेडला किंवा लातूरच्या मेडिकल कॉलेजात अधिपरिचारिका म्हणून निवड झाली की चारित्र्य पडताळणी येतेच आणि ती पोलिसांच्या रेकॉर्डवरून होते, तुमच्या शब्दावरून नाही. नमुन्यातले प्रश्न नीट वाचा हो. कधी अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा किंवा दंड झाला का, हे वेगवेगळे प्रश्न असतात. निर्दोष सुटलात तर शिक्षेला "नाही" बरोबर आहे, पण अटक झालेली असेल तर तिथं "हो"च येणार, सुटका झाल्यानं अटक पुसली जात नाही.

ह्या विषयावर सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आहे, तीन न्यायाधीशांचा. त्याचा गाभा असा की माहिती खरीच द्यायची, आणि गोष्ट किरकोळ असेल, म्हणजे तरुण वयात दिलेल्या घोषणा किंवा छोटासा गुन्हा, तर ती लपवली असली तरी नोकरी देणारा समजून घेऊ शकतो. पण बऱ्याच केसेस चालू असताना लपवल्या तर तेवढ्यावरच निवड रद्द होऊ शकते. आणि खरं सांगितलं म्हणजे नोकरी नक्की असंही नाही, गुन्हा काय होता ते बघून निर्णय घ्यायचा अधिकार त्यांच्याकडं राहतोच. आणखी एक, फॉर्ममध्ये जे विचारलंच नाही ते न सांगणं म्हणजे लपवणं होत नाही. हा निकाल वकिलाला आधीच माहीत असतो, तुम्हालाही असू द्या.

आता घोषणांचं निघालंच आहे तर आंदोलनाच्या केसेस. २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर मराठवाड्यात किती पोरांवर गुन्हे दाखल झाले ते गावागावात माहीत आहे. सरकारनं केस मागं घेतो म्हटलं, व्हॉट्सॲपवर जीआर फिरला, की पोरं समजतात झालं आपलं. तसं होत नसतं. सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टानं परवानगी दिली तरच केस जाते, पूर्वी हे कलम ३२१ होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (बीएनएसएस) ३६० आहे. कोर्टाची ऑर्डर हातात येईपर्यंत फॉर्मवर "खटला चालू आहे" असंच लिहायचं.

तिसरी चूक पोरांचीच जास्त, गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं होणं. पत्त्याच्या डावात धाड पडली, नाहीतर दारू पिऊन गाडी चालवताना सापडले, तारखा कोण करणार म्हणून कोर्टात कबूल केलं, दंड भरला, पावती खिशात. कायद्याच्या भाषेत तुम्ही दोषी ठरलात! पैसे किती भरले ह्याच्याशी संबंध नाही. कबूल करायच्या आधी वकिलाला १९५८ च्या परिविक्षा कायद्याबद्दल विचारा, प्रोबेशनचा कायदा म्हणतात तो, चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायचा. त्यात सोडलं तर कलम १२ प्रमाणे शिक्षेमुळं येणारी अपात्रता लागत नाही, फॉर्मवर सांगावं मात्र लागतं.

मुलींच्या बाबतीत सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते ४९८अ चं, म्हणजे सासरी सुनेचा छळ केल्याच्या केसचं (नव्या कायद्यात ते कलम ८५ झालंय). भावाचा संसार मोडतो आणि केसमध्ये सासू-सासऱ्यासोबत नणंदेचं नाव येतं, ती नणंद तेव्हा लातूरला होस्टेलवर थर्ड इयरला असते, भांडणाच्या वेळी घरात पण नसते. घरचे म्हणतात आपसात मिटेल, तारखांना जात राहू. इथं वाट बघणं हीच चूक. २०२२ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात, कहकशां कौसर यांच्या, सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नवऱ्याच्या नातेवाईकांवर नुसते मोघम आरोप असतील तर त्यांच्यावर खटला चालवणं योग्य नाही. त्या आधारावर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात एकट्या नणंदेपुरता सुद्धा क्वॅशिंगचा, म्हणजे केस रद्द करायचा अर्ज करता येतो (आधी ४८२ होतं, आता बीएनएसएस ५२८). कॉलेजचं हजेरीपत्रक, होस्टेलचं रजिस्टर, ड्युटीचा रोटा, हे आत्ताच काढून ठेवा, पाच वर्षांनी कॉलेज देईल का नाही काय भरवसा. आणि समझोता झाला तरी ४९८अ खालच्या कोर्टात आपसात मिटत नाही, क्वॅशिंगला हायकोर्टातच जावं लागतं. साक्षीदार फितूर करून सुटायचा रस्ता लोक सुचवतात, पण "साक्षीदार फितूर झाले म्हणून संशयाचा फायदा" असं निकालात आलं की ते स्वच्छ सुटणं धरलं जात नाही कधीकधी, क्वॅश झालेली एफआयआर कधीही बरी.

आणि सुटल्यावर निकालाची नक्कल काढाच. सर्टिफाइड, दोन-तीन प्रती. एक प्रत पोलीस ठाण्यात अर्जासोबत देऊन पोच घ्या, कामून की कोर्टात केस संपली तरी ठाण्याच्या रेकॉर्डवर ती तशीच दिसत राहू शकते आणि चारित्र्य प्रमाणपत्रावर शेरा पडतो.

अठरा वर्षांच्या आतली गोष्ट असेल तर वेगळं आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ प्रमाणे ती पुढं अपात्रता ठरत नाही, अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या त्या मुलांचा ज्यांचा घोर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालून दोष ठरला. बाल न्याय मंडळाची ऑर्डर मात्र सांभाळून ठेवा.

काही केसेसमध्ये खोटी आशा द्यायची नाही. पोक्सो, लैंगिक गुन्हा, अमली पदार्थ, चोरी, फसवणूक ह्यात शिक्षा झालेली असेल तर वॉर्डातल्या मॉर्फीनच्या चाव्या आणि बेशुद्ध पेशंट कुणी तुमच्या हवाली करायला सहजी तयार होणार नाही, आणि त्यात चुकीचं काही नाही. खाजगी कॉलेजची फी भरायच्या आधी वकिलाला विचारा, "आमच्याकडं सगळं मॅनेज होतं" म्हणणाऱ्या एजंटला नाही.

बाहेर जायचं असेल, युके किंवा गल्फ, तर लोक पोलिसांचं नोकरीवालं चारित्र्य प्रमाणपत्र घेऊन बसतात आणि ऐन वेळी कळतं की तिथं पासपोर्ट ऑफिसची पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागते. नुसती एफआयआर असली आणि कोर्टानं दखल घेतलेली नसली तर पासपोर्टला ती चालू केस धरत नाहीत. कोर्टात खटला चालू असेल तर त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते, आणि परवानगीत मुदत लिहिलेली नसली तर पासपोर्ट एकच वर्षाचा मिळतो, म्हणून अर्जातच जास्त मुदत मागा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले, ह्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते, साध्या कागदावर अर्ज चालतो, सोबत आधार आणि केसचा जो असेल तो कागद न्या.