पार्कच्या गाडीत कुणाला लागलं तर

आपल्या बडोद्याच्या हरणी तलावात 18 जानेवारी 2024 ला सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तेव्हापासून दांडिया बाजारातून सहलीला निघणाऱ्या प्रत्येकाला मी हे बजावते.

बसण्याआधी विचारा, किती जणांची परवानगी आहे? बोट असेल तर प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं, पट्टे आवळलेले. नसेल तर सरळ उतरा, पैसे गेले तर जाऊ देत.

पार्कच्या मिनी ट्रेनमध्ये, बसमध्ये कुणाला लागलं की "किरकोळ आहे हो" म्हणत तुम्हाला गेटकडे वळवतात. आधी जखम बघा, पण लगेच कुणाला तरी फोटो काढायला लावा: डब्याचा नंबर, निसटलेली कडी, ओली पायरी. घटनेची लेखी नोंद मागा, तारीख-वेळेसकट. सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवा, असा ईमेल त्याच दिवशी करा. ते पुढे पुसलं जातं. "तक्रार नाही" अशा कागदावर सही मुळीच नको.

कंपनी आपणहून सगळं सांगेल या भरवशावर राहू नका. फ्लोरिडातली मोठी पार्क राज्याला दर तिमाहीला अपघात कळवतात, पण निदान 24 तास दवाखान्यात राहावं लागलेलेच. प्लास्टर घालून त्याच संध्याकाळी घरी आलेली आजी त्या यादीत नसतेच! हे मला पटत नाही.

दाद लागली नाही तर 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे पार्क परगावचं असलं तरी तक्रार बडोद्यातच करता येते. तिकीट जपून ठेवा.