खोडव्यात टारफुला दिसतोय का, आत्ताच बुडात वाकून बघा

पाऊस लागला की वाळवा, पलूस, कराड सगळीकडं एकच रड, खत टाकलं पाणी दिलं तरी खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातनं परत फुटलेला ऊस, पिवळाच, आन् मग दुकानातनं अजून एक टॉनिक येतं. टॉनिक राहू द्या, आधी सरीत बसा. वीतभर हिरवं, खरबरीत पानाचं, पांढऱ्या बारक्या फुलाचं झाड दिसलं तर ओल्या मातीतनं हळूच उकरा, खाली पांढरं खोड जातंय आन् शेवट उसाच्या मुळीला चिकटलेला. हाच टारफुला, उसाच्या मुळीवर जगणारं तण. हा वर दिसतो तेव्हा कित्येक आठवडे खाली उसाचा रस पिऊन झालेलं असतं.

त्याला कळतं कसं की इथं ऊस आहे? मुळीतनं स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं हार्मोन पाझरतं. फुटवे किती फोडायचे ते झाडात तेच ठरवतं, आन् जमिनीत ते मायकोरायझा बुरशीला बोलावतं, स्फुरद (फॉस्फरस) आणून दे म्हणून. टारफुल्याचं बी हीच हाक चोरून ऐकतं आन् उगवतं. स्फुरद कमी तितकी हाक मोठी, म्हणून माती परीक्षण करून स्फुरद-नत्र द्या, अंदाजानं पोती ओतू नका.

गंमत बघा, ह्या स्ट्रिगोलॅक्टोनच्या गटातलं पहिलं रसायन 1966 साली सापडलं ते कापसाच्या मुळीत, आन् कापसावर टारफुला जगतच नाही! म्हणजे बी फसून उगवतं आन् चिकटायला चालणारं मूळ न मिळाल्यानं मरतं. सोयाबीन, भुईमूग, चवळीचंही तसंच. त्यामुळं खोडवा मोडल्यावर लगेच ऊस किंवा ज्वारी नको, मधी ह्यातलं एक पीक घ्या. एका हंगामात रान साफ होणार नाही, बी दहा-दहा वर्षं टिकतं, पण साठा कमी होतो.

आत्ता उभ्या पिकात फुलायच्या आधीच उपटा. फुललेलं असेल तर पोत्यात भरून जाळा. मी एकदा उपटून बांधावर टाकला होता, पुढच्या साली पाटाच्या कडंनं ओळच उठली, बी धुळीसारखं बारीक, पाण्याबरोबर जातं. रोटाव्हेटर दुसऱ्याच्या रानातनं आला तर धुऊनच आत घ्या.

टू-फोर-डी हे तणनाशक मारायचं तर लेबलवरच्या मात्रेनंच, उसात सोयाबीनचं आंतरपीक असेल तर नाहीच. तासगावकडच्यांनी तर लांबच राहावं, वाऱ्यानं तुषार गेला की शेजारची द्राक्षबाग गेली. आन् तो पंप परत बागेत वापरू नका, कितीबी धुतला तरी.