साथीच्या काळात गरीब, एकट्या वृद्धांची काळजी कशी घ्यावी

दारात उभं राहून एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला "काही हवंय का?" विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं: "नको गं पोरी, सगळं आहे." थोडक्यात भागवत आयुष्य काढलेल्या माणसाला मागायला जमत नाही. जे परत फेडता येणार नाही ते घ्यायलाही जमत नाही.

खालच्या मजल्यावरचे आजोबा मला दोन आठवडे रोज "सगळं आहे" म्हणत होते. मग एकदा त्यांनी गोळ्यांचा डबा उघडला. आत रक्तदाबाच्या गोळ्यांचे ब्लेडने केलेले अर्धे तुकडे होते, एकेक तुकडा वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेला. डॉक्टरांनी डोस कमी केला नव्हता. दवाखाना बंद होता, म्हणून आजोबा गोळ्या पुरवून वापरत होते. पुढची सगळी कामं या डब्यावरूनच सुचली.

पहिलं काम: माणसं शोधा

कुठल्याही यादीत न सापडणारे वृद्ध आधी शोधावे लागतात. पोटभाड्याने राहणारे, कामाच्या जागीच झोपणारे रखवालदार, मुलाच्या घरात असूनही दिवसभर एकटे असणारे. यांची माहिती कार्यालयात मिळत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार आणि घरकाम करणाऱ्या बायका यांना ती असते. एका माणसाने चार-पाच जणांचीच जबाबदारी घ्यावी. वीस घेतले की एकाकडेही धड लक्ष राहत नाही.

शेजाराचं मोल किती, हे १९९५च्या जुलैत शिकागोत दिसलं. साथ नव्हती, उष्णतेची लाट होती. तीत ७००हून अधिक माणसं दगावली, आणि त्यांत एकटे राहणारे गरीब वृद्ध बरेच होते. शेजारी-शेजारी असलेल्या, सारख्याच गरीब दोन वस्त्यांत मात्र मृत्यूंचं प्रमाण फार वेगळं होतं. जिथे रस्त्यावर वर्दळ होती, माणसं एकमेकांना ओळखत होती, तिथे कमी माणसं गेली.

दुसरं काम: मोजता येईल असं विचारा

"बरे आहात ना?" हा प्रश्न सोडून द्या. "गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?", "काल रात्री काय जेवलात?", "फोनमध्ये पैसे आहेत का?" असं विचारा. शक्य असेल तर "जरा पट्टी दाखवा, नाव लिहून घेते" म्हणून गोळ्या स्वतः पाहा. महिन्याभराच्या गोळ्या घरात असाव्यात. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट यांची औषधं आपल्या मनाने कुणी बंद करू नयेत, अर्धीही करू नयेत.

मधुमेहवाल्यांकडे जास्त लक्ष द्या. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली आणि जेवण मिळालं नाही, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, थेट वैद्यकीय मदत बोलवा.

आजार, औषधं, डॉक्टर आणि जवळच्या नातेवाइकाचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

तिसरं काम: पाणी आणि संडास

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी सविस्तर लिहिते. संडास सार्वजनिक असेल, जिना अंधारा असेल आणि बाहेर संसर्गाची भीती असेल, तर म्हातारी माणसं एक साधा उपाय काढतात: पाणीच पीत नाहीत. त्यात वयाबरोबर तहानही बोथट होते. मग जीभ कोरडी, लघवी गडद, उठताना चक्कर, आणि एक दिवस पडणं. घरचे म्हणतात, "वय झालं."

"पाणी प्या" असं सांगून हे सुटत नाही, जाण्याची सोय केली तर सुटतं. रात्रीसाठी खोलीतच झाकणाचं भांडं, जिन्यात एक दिवा, आणि गर्दी नसलेली एखादी वेळ सगळ्यांच्या संमतीने वृद्धांसाठी राखून ठेवणं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असू शकतं, तेवढं विचारून घ्या.

चौथं काम: एका खोलीतलं अंतर

पाच माणसांच्या एका खोलीत "दोन मीटर अंतर ठेवा" ही थट्टाच आहे. तिथे हवेवर भर द्या. खिडकी-दार शक्य तितका वेळ उघडं, वृद्धाचं अंथरूण खिडकीजवळ, आणि झोपताना एकाच्या डोक्याकडे दुसऱ्याचे पाय. रोज कामाला बाहेर जाणाऱ्याने घरातही वृद्धाजवळ बसताना मास्क लावावा. ऐकू कमी येणारी माणसं ओठांकडे बघून बरंच समजून घेतात, मास्कमुळे ते जातं. म्हणून समोर बसून सावकाश बोला, ओरडू नका. सॅनिटायझरसाठी पैसे घालवायची गरज नाही. साबणाने २० सेकंद हात चोळून धुणं पुरतं.

पाचवं काम: आजार ओळखा

म्हाताऱ्या माणसांना संसर्गात ताप येईलच असं नाही. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, जेवण नकोसं होणं, दिवसभर झोपून राहणं, कारण नसताना पडणं, हीसुद्धा सुरुवात असू शकते. वास गेला असेल तर वेगळाच धोका असतो: गळणारा गॅस किंवा विटलेलं अन्न कळत नाही.

कोविडसारख्या फुप्फुसाच्या आजारात सगळ्या इमारतीत मिळून एक पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) घ्या. माणसाला पाच मिनिटं शांत बसवा, बोटं गार असतील तर चोळून गरम करा, आकडा स्थिर झाल्यावरच लिहा. ९४ किंवा खाली असेल तर डॉक्टरांना कळवा, ९०च्या खाली गेला तर रुग्णालय गाठा. जुना फुप्फुसाचा आजार असलेल्यांचा नेहमीचाच आकडा कमी असू शकतो, तो डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. सावळ्या त्वचेवर यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. एक वाक्य बोलताना दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा छातीत दुखत असेल, तर आकडा कितीही चांगला असो, थांबू नका.

गाडी कोणाची आणि सोबत कोण जाणार, हे आजारी पडण्याआधी ठरलेलं हवं. पिशवीत कागदपत्रं, औषधं आणि चार्जर ठेवा. चष्मा आणि कानाचं यंत्र हमखास विसरतं, आणि दोन्हींशिवाय अनोळखी वॉर्डात म्हातारं माणूस जास्तच गोंधळतं.

सहावं काम: हातपाय आणि सोबत

घरी बसणं सुरक्षित वाटतं, पण त्याचीही किंमत असते. एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांचं जवळपास एक किलो स्नायूवजन घटलं. प्रत्येक जेवणाआधी खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं, गरज लागली तर भिंतीचा आधार घेऊन, एवढं सांभाळलं तरी बरंच. फोन रोज ठरलेल्या वेळी करा. उचलला नाही तर दार वाजवायला कोण जाणार, तेही ठरवून ठेवा. आणि ओटीपी मागणाऱ्या "मदतवाल्यांना" काहीही सांगायचं नाही, हे दर आठवड्याला पुन्हा सांगा.

शेवटची गोष्ट मला उशिरा सुचली. त्यांच्याकडून काहीतरी मागा. मी आजोबांना माझी मोडकी छत्री दुरुस्त करायला दिली. त्यांनी तारेने काडी अशी बसवली की आजही ती हलत नाही. छत्री परत देताना ते दारात थांबले, आणि मी न विचारता म्हणाले, "गोळ्या शनिवारपर्यंत पुरतील. येताना घेऊन ये."