पहाटे बाईकवरून माळशेजला निघताना थंडी कशी अडवावी

ठाण्यात जानेवारीतही पंखा बंद करायची वेळ क्वचितच येते. त्यामुळे पहाटे माळशेजला निघणारे बरेच जण टी-शर्टवर एक स्वेटर चढवतात आणि मुरबाड मागे पडलं की कुडकुडायला लागतात. स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो. हवा १० अंश असली आणि बाईक ताशी ६० किलोमीटरने धावत असली, तर उघड्या कातडीला ती जवळपास ५ अंशांसारखी झोंबते. म्हणून जाडजूड जॅकेटवर पैसे घालण्याआधी वारा अडवा. त्यासाठी लागणारी वस्तू बहुतेक घरात असतेच: पावसाळा संपल्यावर माळ्यावर गेलेला रेनकोट.

आधी अंगालगत पूर्ण बाह्यांचा थर्मल घाला. सुती बनियन घामाने ओला झाला की ओलाच राहतो आणि अंग गार पाडतो. त्यावर स्वेटर, सगळ्यांत वर रेनकोट, चेन गळ्यापर्यंत ओढून. रेनकोटची पँटही घालाच, कारण वारा थेट गुडघ्यांवर आदळतो. दिसायला बावळट दिसतं खरं, पण पहाटे पाच वाजता बघतंय कोण?

मफलरची टोकं रेनकोटच्या आत खोचा. लोंबती राहिली तर चाकात अडकू शकतात. हेल्मेटखाली जाड माकडटोपी नको, तिने हेल्मेट नीट बसत नाही. पातळ बालाक्लाव्हा, म्हणजे डोळे सोडून डोकं, चेहरा आणि मान झाकणारी घट्ट टोपी, पुरतो.

खरी परीक्षा बोटांची. लोकरीचे हातमोजे इथे कुचकामी. वारा न शिरणारे, मनगटाच्या वरपर्यंत येणारे ग्लोव्ह्ज घ्या आणि घरीच ते घालून क्लच-ब्रेक दाबून बघा. घट्ट असतील तर रक्तपुरवठा कमी होऊन बोटं उलट लवकर गारठतात; एकावर एक दोन मोजे कोंबलेल्या बुटांचंही तेच. आणखी एक: छाती-पोट गारठलं की शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. चांगले ग्लोव्ह्ज असूनही बोटं बधिर होत असतील तर कमतरता छातीवरच्या कपड्यात शोधा.

काचेवर वाफ धरली तर व्हायझर बोटभर उघडा. टायर गार असतात, सुरुवातीचे काही किलोमीटर वळणं सबुरीने घ्या.

बोटांना ब्रेकचा अंदाज येईनासा झाला की पुढचं गाव येण्याची वाट न बघता थांबा. हात काखेत धरा, चहा घ्या. सायलेन्सरवर हात शेकू नका, ग्लोव्ह्ज वितळतात. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण कातडीकडे रक्त धावून शरीराची उष्णता उलट बाहेर जाते. गाडी चालवताना ती नकोच, हे वेगळं सांगायला नको.

दहाच्या सुमारास ऊन तापलं की रेनकोट बॅगेत जाईल. परतीला मात्र दिवस मावळायच्या आत तो पुन्हा चढवा. अंग एकदा गार पडलं की वर कितीही कपडे घातले तरी लवकर तापत नाही.