क्रूझचा शेवटचा सी डे: रात्री बॅग दाराबाहेर जाण्याआधी

उन्हाळाभर भूमध्य समुद्रात फिरणारी मोठी जहाजं ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅरिबियनकडे निघतात. बार्सिलोनाहून मायामी किंवा फोर्ट लॉडरडेल, साधारण दोन आठवडे, आणि त्यातला निम्मा काळ फक्त पाणी. या फेऱ्यांचा शेवटचा सी डे, म्हणजे कुठलंही बंदर न लागणारा दिवस, बहुतेकांचा रांगांमध्ये जातो. सकाळपासून नीट क्रमाने काम केलं तर जाणार नाही.

त्या दिवसाचं सगळं गणित एका वेळेवर टांगलेलं असतं. मोठ्या बॅगा रात्री किती वाजेपर्यंत केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या? बहुतेक जहाजांवर ही वेळ रात्री १० ते ११ असते. एकदा उचललेली बॅग थेट सकाळी टर्मिनलमध्ये दिसते, मधे कोणी परत आणून देत नाही. म्हणून रात्रीपासून मागे मोजत या.

घड्याळाकडे आधी बघा. पश्चिमेला जाताना वाटेत एकेक तास करून घड्याळ एकूण ६ तास मागे जातं. शेवटचा बदल अनेकदा याच एक-दोन रात्रींत असतो. फोनवर विसंबू नका, कारण समुद्रात तो कुठला टाइमझोन धरेल सांगता येत नाही. केबिनमधल्या टीव्हीवरची किंवा जहाजाच्या ॲपमधली वेळ खरी.

नाश्ता झाला की जहाजावरच्या तुमच्या खर्चाच्या खात्याचं बिल उघडून बघा, ॲपमध्ये किंवा टीव्हीवर. न घेतलेली पाण्याची बाटली, दोनदा लागलेलं वाय-फाय, रद्द केलेल्या सहलीचे न आलेले पैसे, या नेहमीच्या चुका. तक्रार असेल तर सकाळीच गेस्ट सर्व्हिसेसला जा. जेवणानंतर तिथली रांग जिन्यापर्यंत येते. माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर टिप आपोआप लागलेली असते, ती चूक नव्हे. ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावरच खर्चायला मिळालेली रक्कम, शिल्लक असेल तर ते परत मिळणारं आहे का ते विचारा. नसेल तर आजच खर्च करा, कारण बंदरात दुकानं बंद असतात.

आपल्याकडच्या प्रवाशांना खरा फटका बसतो तो फॉरेक्स कार्डाचा. खात्याला प्रीपेड किंवा डेबिट कार्ड जोडलं असेल तर जहाज खर्चाच्या अंदाजाने थोडी थोडी रक्कम अडवून ठेवतं. शेवटी खरं बिल वेगळं कापलं जातं आणि अडवलेले पैसे सुटायला कित्येक दिवस लागतात. तोवर मायामीत हॉटेलचे पैसे भरताना कार्डात रक्कम दिसते, पण चालत नाही. उपाय सोपा आहे: आज काउंटरवर जाऊन खातं क्रेडिट कार्डावर वळवा किंवा रोख भरा. मशीनने रुपयांत की डॉलरमध्ये असं विचारलं तर डॉलर. रुपयांचा दर तुमच्या बँकेपेक्षा महागच पडतो.

पासपोर्ट काही कंपन्या चढतानाच ठेवून घेतात. परत देण्याची जागा आणि वेळ आदल्या दिवशीच्या पत्रकात असते. चढताना काढून घेतलेल्या वस्तू, म्हणजे सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड किंवा प्रवासी इस्त्री, त्यांचंही तेच.

आता बॅग. भरायला दुपारी बसा, संध्याकाळी नको. सगळ्यात आधी उद्याचे कपडे पलंगावर काढून ठेवा, पायताणासकट, अंतर्वस्त्रांसकट. हास्यास्पद वाटेल, पण सगळ्या चपला-बूट मोठ्या बॅगेत जाऊन सकाळी केबिनच्या स्लिपरवर उतरणारी माणसं दर फेरीला असतात. हातातल्या बॅगेत पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर, दागिने आणि विमानाची तिकिटं. इन्सुलिन फ्रिजमध्ये असेल तर केबिनच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा: ‘फ्रिज’.

दारूची गोम इथेच आहे. जहाजाच्या दुकानात किंवा बंदरात घेतलेल्या बाटल्या ते ठेवून घेतात आणि शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये आणून देतात. तोपर्यंत मोठी बॅग कुलूप लावून तयार असते, मग बाटली हातातल्या बॅगेत जाते आणि विमानतळाच्या तपासणीत १०० मिलीच्या नियमात अडकते. मोठ्या बॅगेत मध्यभागी, कपड्यांच्या बेचक्यात, जागा मोकळी ठेवा. अमेरिकेत २१ वर्षांवरच्या माणसाला १ लिटर करमाफ, भारतात परतताना माणशी २ लिटर.

वजन करायला हातात धरायचा काटा हवा. हलत्या जहाजावर तो वेड्यासारखा वागतो: जहाज खालून वर उचललं जाऊ लागलं की जास्त दाखवतो, वरून खाली बसू लागलं की कमी. २२ आणि २४ मध्ये झुलणारी बॅग साधारण २३ची. आकडा लगेच गोठवणारा डिजिटल काटा असेल तर पाच-सहा वेळा तोला आणि मधला आकडा धरा. जहाजाला वजनाचं काही नसतं, विमान कंपनीला असतं, म्हणून दीड-दोन किलो हातचे ठेवा.

केबिनच्या भिंती पोलादी असल्यामुळे अनेक जण चुंबकी हुक लावतात, आणि तेच हमखास विसरतात. शिवाय न्हाणीघरातल्या ताणायच्या दोरीवरचे पोहण्याचे कपडे, दारामागचा हुक, तिजोरी, पलंगाखाली ढकललेली बॅग. तिजोरी रिकामी करून उघडीच ठेवा.

बॅगांसाठी जहाजाकडून मिळालेल्या लेबलांचा रंग किंवा क्रमांक उतरण्याची पाळी ठरवतो. प्रत्येक बॅगेला एक, आणि आधीच्या विमानप्रवासाची चिठ्ठी काढून टाका. विमान दुपारी १२च्या आधीचं असेल तर आजच लवकरची पाळी मागून घ्या. सगळ्या बॅगा स्वतः ओढत सगळ्यांत आधी उतरण्याचीही सोय असते, पण माणशी दोन मोठ्या बॅगा असतील तर तो मोह नको. सकाळी लिफ्ट मिळत नाही.

बफेतलं सफरचंद किंवा केळं खिशात टाकून उतरू नका. ताजी फळं, भाज्या, मांस अमेरिकन कस्टमला चालत नाही. फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं तर असेल ते खरं सांगा. अमेरिकेत मुलांकडे राहायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: किती दिवस राहता येईल ते व्हिसाच्या तारखेवर नाही, आय-९४ या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर ठरतं. उतरल्यावर ती ऑनलाइन उघडून नाव आणि तारीख तपासा.

हे सगळं आटपायला दुपारचे तीन वाजतात. मग डेकवर जा. मागून पूर्वेचा व्यापारी वारा १५-२० नॉट आणि जहाजाचा वेगही जवळपास तेवढाच, त्यामुळे डेकवर वारा जाणवतच नाही आणि ऊन चांगलंच भाजतं, टोपी घ्या. पुढच्या बाजूला कठड्याशी उभं राहिलं की जहाजाच्या पुढच्या टोकाशी उठणाऱ्या फेसातून उडते मासे सपकन निघून चाळीस-पन्नास मीटर तरंगत जाताना दिसतात. पिवळट तपकिरी सरगॅसम शेवाळाचे लांब पट्टेही याच टप्प्यात लागतात.

केबिन आवरणाऱ्या स्ट्युअर्डला टिपेचं वेगळं पाकीट द्यायचं असेल तर आज संध्याकाळीच हातात द्या. गोव्याची, कोकणातली मुलं या जहाजांवर भरपूर असतात. दोन वाक्यं मराठी-कोकणीत बोलून बघा. उद्या त्याला वेळ नसतो, दुपारी नवे प्रवासी चढायच्या आत त्याला पंधरा-वीस केबिन लावायच्या असतात. म्हणूनच सकाळी ८च्या सुमाराला केबिन सोडायला सांगतात.

फोनचा एअरप्लेन मोड जहाज धक्क्याला लागेपर्यंत काढू नका. जहाजावरचं मोबाइल नेटवर्क देशाच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही आणि एका मिनिटाचेही भरमसाट पैसे लागतात. आणि केबिनचं कार्ड खिशातच ठेवा. ते गँगवेवर, म्हणजे उतरायच्या पुलावर, शेवटचं ‘टिंग’ वाजेपर्यंत लागतं, आठवण म्हणून पाकिटात ठेवायचं ते त्यानंतर.