मूत्राशय दुखतं, झोपही मोडते? आधी रात्रीची लघवी मोजा

मी मूत्रविकारांच्या ओपीडीत परिचारिका आहे. ओटीपोटात कायम दुखतं, पण लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत, अशा बायकांना मी हमखास विचारते, "ताई, रात्री घोरता का?" बऱ्याच जणी लाजतात. लाजू नका.

मापाचं प्लास्टिकचं भांडं घ्या. ३ दिवस प्रत्येक लघवीची वेळ, मिली आणि दुखणं १० पैकी किती, हे वहीत लिहा. झोपण्याआधीची लघवी दिवसात धरा. सकाळी उठल्यावरची पहिली मात्र रात्रीत. रात्रीचा वाटा २४ तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त भरला, तर स्लीप अ‍ॅप्नियाची शंका घ्यायलाच हवी. त्यात झोपेत घसा मिटून श्वास अडतो, श्वास ओढताना हृदयावर ताण येतो, त्यातून एएनपी हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. दुखऱ्या मूत्राशयाला ते भरणं सोसत नाही, आणि झोपमोडीने दुखणं आणखी बोचतं.

घरच्यांना घोरण्याचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. बायकांमध्ये अनेकदा घोरण्यापेक्षा थकवा, निद्रानाश, सकाळची डोकेदुखीच पुढे येते आणि निदान राहून जातं, याचा मला फार राग येतो.

वही दाखवून डॉक्टरांना स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेतला श्वास तपासणाऱ्या चाचणीबद्दल विचारा. तासाला श्वासाचे ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य अ‍ॅप्निया, ३० च्या वर तीव्र. सीपॅप मशीनने (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) बऱ्याच जणींच्या रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. मूत्राशयाचे उपचार मात्र सोडू नका. झोपेची गोळी मनाने घेऊ नका. लघवीत रक्त दिसलं किंवा ताप आला, तर वही बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.